उजवा हात, डावा कान आणि १ जून

मराठवाड्यात १ जून हा जन्माचा मोठाच मुहूर्त दिसतो. रेणापूर असो, औसा असो की कंधार. साठी ओलांडलेल्या कितीतरी माणसांच्या शाळेच्या दाखल्यावर हीच जन्मतारीख आढळते. त्यामागे शाळेच्या दारात होणारी एक शारीरिक परीक्षा आहे, आणि तिची तयारी घराघरांत होत असे. #थ्रेड 👇

परीक्षा साधी होती. मुलाने ताठ उभे राहायचे, उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डावा कान धरायचा. बोटे कानाला लागली की मूल सहा वर्षांचे, पहिलीत नाव दाखल. नाही लागली तर, "पुढच्या वर्षी आणा."

वरकरणी ही गंमत वाटते, पण तिला आधार आहे. नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या सुमारे पाव हिस्सा असते. प्रौढ माणसाचे सातवा-आठवा हिस्सा. म्हणजे पुढच्या वर्षांत डोके सावकाश वाढते आणि हात भराभर. सहाव्या वर्षाच्या आसपास हात डोके ओलांडून कानापर्यंत पोहोचतो. आफ्रिका आणि आशियाच्या इतर भागांतही शाळाप्रवेशासाठी हीच कसोटी वापरली गेली.

तिची गरज का पडली? रेणुकादेवीचे रेणापूर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. खेड्यात जन्माची लेखी नोंद विरळाच. संपूर्ण देशाला लागू होणारा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा आला तो १९६९ मध्ये. तोवर आईच्या स्मरणात जन्म असे तो "पोलीस ॲक्शनच्या साली" किंवा "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी". १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. प्रवेश-निर्गम रजिस्टरात मात्र तारखेचा रकाना होता, आणि तो रिकामा ठेवता येत नव्हता. शाळा जूनमध्ये उघडे. मग गुरुजी सहा वर्षे मागे जाऊन १ जून लिहीत.

शाळा उघडण्याआधी अंगणात तालीम चाले. मूल हळूच मान खांद्याकडे झुकवी, म्हणजे कान जवळ येई. गुरुजीही कच्चे नसत. हनुवटी धरून मान सरळ करीत.

या कसोटीचा दोष तिच्या मुळातच होता. ती वय मोजत नव्हती, वाढ मोजत होती. ज्या लेकराला पोटभर अन्न नाही, त्याची वाढ खुंटते. वय भरले तरी हात तोकडाच पडतो. १९७२ च्या दुष्काळात वाढलेल्या मुलांसमोर हीच कसोटी उभी राहिली. शाळेची निकड ज्याला सर्वाधिक, तेच मूल दारातून परत जाण्याची शक्यता अधिक. धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीच्या बाबतीत तर "पुढच्या वर्षी" हे उत्तर घरालाही सोयीचे असे, आणि ते पुढचे वर्ष पुष्कळदा उगवतच नसे.

वास्तविक शाळेत मुलाचे शरीर तपासण्याचा दुसरा हेतू देशात आधीच रुजला होता. इंग्लंडमध्ये बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीला आलेले असंख्य तरुण अपात्र ठरले. त्या धक्क्यातून १९०७ च्या कायद्याने विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदा संस्थानभर शिक्षण सक्तीचे केले, आणि १९०९ मध्ये बडोदा शहरात शाळकरी मुलांची आरोग्य तपासणी झाली. भारतातील शालेय आरोग्यसेवेचा आरंभ तेथूनच मानतात. पुढे १९४६ च्या भोर समितीनेही या सेवेचा आग्रह धरला.

गावोगावच्या शाळांपर्यंत ही कल्पना नेणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघर येथून सुरू झाला. डॉक्टरांचे पथक वर्षातून एकदा शाळेत व दोनदा अंगणवाडीत येते. जन्मजात व्यंग, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब पाहते. हृदयाला छिद्र आढळले तर मोफत शस्त्रक्रियेपर्यंत सोय आहे.

मात्र तयारी जुन्याच वळणाची राहिली. नखे कापली जातात, डोक्याला चापून तेल लागते, गणवेश धुतला जातो, आणि मुलाला बजावले जाते, "नीट उत्तरे दे." मग रांगेतले मूल पुढच्या मुलाने वाचलेली अक्षरे ऐकून पाठ करते आणि दृष्टितक्त्यासमोर घडाघडा म्हणून दाखवते. ते 'पास' होते. चष्मा मात्र लांबतो. ही परीक्षा उत्तीर्ण होण्याची नव्हेच, हे त्याला घरी कोणी सांगितलेले नसते. "दिसत नसेल तर दिसत नाही म्हण, दुखते ते दाखव", तयारी एवढीच हवी होती.

कानाची कसोटी आता कायद्याने निरर्थक ठरली आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. तिचा ठसा मात्र अजून सरकारी दप्तरात आहे. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्यामुळे दरवर्षी ३१ मे रोजी राज्यभरातील कार्यालयांत निरोप समारंभांची एकच गर्दी उसळते.