एका रात्रीचा धैर्यधर

आमच्या सांगलीच्या घरी दिवाळीत फराळाइतकाच ठरलेला एक वाद असे. भाऊबीजेला आजीचे धाकटे भाऊ साताऱ्याहून येत. ओवाळणी आटोपे, पानाचे तबक पुढे येई, आणि आजोबा अडकित्त्यात सुपारी धरूनच सुरुवात करीत. ‘अण्णा, काहीही म्हणा, धैर्यधराने भामिनीवर कुरघोडी करावयाची नसते.’ की अण्णा मांडी बदलून बसत. ‘दाजी, तो सेनापती आहे. त्याने का पडद्याआडून गावे?’ मग आजीने दोनदा हाक मारीपर्यंत पान तसेच हातात राही.

वाद होता केशवराव भोसल्यांच्या धैर्यधराचा. रंगणारी रात्र होती ८ जुलै १९२१ ची, आणि स्थळ मुंबईचे बालीवाला थिएटर. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी त्या रात्री एकत्र ‘मानापमान’ केले. भामिनी बालगंधर्वांची, धैर्यधर केशवरावांचा. त्यानंतर तीन महिने पुरे होण्याच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, विषमज्वराने केशवराव गेले. वय अवघे ३१. गंधर्वांसमोर केशवराव हे दृश्य महाराष्ट्राला पाहावयास मिळाले न मिळाले तोच पडदा पडला. पण वाद मात्र चार पिढ्या पुरला.

हा वाद सांगलीत रुजावा यात नवल नाही. १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाखाली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले ते येथेच. ‘शारदा’कार देवल कृष्णाकाठच्या हरिपूरचे, आणि ‘मानापमान’ लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचेच. बालगंधर्वांचे नागठाणे पूर्वी सातारा जिल्ह्यात मोडे. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. म्हणून अण्णा म्हणत, ‘नारायणराव आमचेच होते, तुम्ही ते जिल्ह्यासकट पळवलेत!’ गंमत ही की, साताऱ्याचा हक्क सांगून झाला की लगेच ते केशवरावांच्या बाजूने लढावयास बसत.

धैर्यधराच्या भूमिकेचे मर्म समजल्याशिवाय हा वाद कळावयाचा नाही. श्रीमंत बापाची लेक भामिनी गरीब शिपाईगड्याला नाकारते. मग वनमालेच्या वेषात त्याला जवळून पाहते आणि त्याच्यावरच लुब्ध होते. एका बाजूला दागिन्यांनी लगडलेला भित्रा लक्ष्मीधर, दुसऱ्या बाजूला पराक्रमाखेरीज काही नसलेला धैर्यधर. नटाच्या अंगी शिपायाची ऐट हवी, आणि गळ्यात गोविंदराव टेंब्यांच्या चाली पेलण्याची ताकद हवी. दोन्ही एका माणसात सापडणे कठीण.

पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर मंडळीने केला. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी वारली होती. तरीही ते भामिनी म्हणून रंगभूमीवर उभे राहिले. धैर्यधर होते नानासाहेब जोगळेकर. ते त्याच वर्षी निवर्तले. १९१३ साली बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी गंधर्व मंडळी काढली, तेव्हा चालींचे जनक टेंबे स्वतःच धैर्यधर झाले. पुढे १९२२ पासून दहा वर्षे मिरजेचे विनायकबुवा पटवर्धन गंधर्वांच्या नायकाच्या जागी उभे राहिले. बळवंत मंडळीत दीनानाथ मंगेशकरांनी टेंब्यांच्या चाली बाजूला ठेवून वेगळ्या, पल्लेदार चालींनी धैर्यधर गाजविला. दीनानाथांचाही मुक्काम पुढे सांगलीतच पडला. भूमिका एक, तिचे धनी अनेक. जो तो आपल्या पहिल्या प्रेमाला चिकटून राही.

पाश्चात्त्यांनाही हे खूळ आहे. जेम्स बाँड या गुप्तहेराची भूमिका जॉर्ज लॅझेन्बी या नटाने १९६९ साली एकाच चित्रपटात केली. त्यावर तिकडचे रसिक अजून हातघाईवर येतात. कोणी म्हणतो तो तोतया, कोणी म्हणतो तोच खरा. फरक इतकाच की, तो चित्रपट आजही लावून पाहता येतो. बालीवालातली रात्र कोणाला लावून पाहता येणार? तेव्हाची ध्वनिमुद्रिका जेमतेम तीन मिनिटांची. रात्र रात्र चालणारा प्रयोग तीत मावणार कसा?

तरीही वाद नुसता गळ्याचा नव्हता. केशवराव कोल्हापूरचे, मराठा घरातले. लहानपणीच स्वदेशहितचिंतक मंडळीत शिरून त्यांनी शारदेच्या भूमिकेत नाव मिळविले, आणि १९०८ साली हुबळीस स्वतःची ललितकलादर्श काढली. रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम त्यांना लाभली होती. आवाज उंच, धारदार, शेवटच्या बाकावर जाऊन आदळणारा. बालगंधर्व ब्राह्मण, आणि गळा कसा तर मुलायम, हळूच कानाशी येऊन बसणारा. १९२० च्या आगेमागे सातारा-कोल्हापूर भागात ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद पेटला होता, सत्यशोधक जलशांनी गावे दणाणत होती. अशा काळात नटाचा पक्ष घेणारा माणूस कित्येकदा न कळत आणखीही कशाचा तरी पक्ष घेत असे. आमचे आजोबा हे कधी कबूल करीत नसत. अण्णा करीत, पण तेही आजोबा आत गेल्यावर.

म्हणून मला त्या प्रयोगाचे मोल अधिक वाटते. ‘संयुक्त’ या शब्दावर आपण फार लवकर पुढे जातो. वर्षानुवर्षे एकमेकींचे प्रेक्षक ओढणाऱ्या दोन कंपन्या एका पडद्यामागे रंग लावावयास बसल्या, तेही टिळकांच्या नावाच्या फंडासाठी. नाही म्हणावयास, ही दोन्ही झाडे एका हातानेही शिंपलेली होती. लहानग्या नारायणाच्या कानावर मिरजेला उपचार करविणारे शाहू महाराजच; तेथूनच १९०५ साली तो किर्लोस्कर मंडळीत शकुंतला होऊन उभा राहिला. केशवरावांवर लोभ तोही याच महाराजांचा. ज्यांना श्रोत्यांनी दोन तटांवर नेऊन बसविले, ते एकाच अंगणातले होते.

आता मूळ प्रश्न. त्या रात्री कोण चढला? सांगणारे सांगतात की, पहिल्या अंकात केशवरावांनी नाट्यगृह हातात घेतले आणि पुढे गंधर्वांनी ते परत मिळविले. कोणी हे उलटे सांगतो. मी एकदा, शाळकरी वयात, धीर करून विचारले, ‘मामाआजोबा, तुम्ही तिथे होता का?’ अण्णांनी आजोबांकडे पाहिले, आजोबांनी तबकाकडे. दोघांपैकी एकही त्या रात्री मुंबईत नव्हता. आजोबांनी गंधर्व पुष्कळदा पाहिले होते, अण्णांनी केशवराव दोनदा. दोघांना समोरासमोर कोणीच पाहिले नव्हते. वीस-पंचवीस वर्षे ते ऐकीव रात्रीवर भांडत होते!

मला तेव्हा हसू आले. आज येत नाही. बालगंधर्वांनी साठी ओलांडली तरी चेहऱ्याला रंग लावला. त्यांचा गळा थकलेला, देह जड झालेला लोकांनी पाहिला, आणि पाहून काहींनी माना फिरविल्या. केशवराव ३१ व्या वर्षी थांबले. त्यांचा आवाज कधी फाटला नाही, त्यांचे नाटक कधी कोसळले नाही, कारण त्यासाठी लागणारी वर्षेच त्यांना मिळाली नाहीत. एकाचा हिशेब साऱ्या आयुष्याचा, दुसऱ्याचा एका रात्रीचा. या ताजव्यात तोललेले वजन खरे कसे निघावे? केशवरावांच्या भक्तांनी एवढे मान्य करावे. आणि गंधर्वांच्या भक्तांनी हेही मान्य करावे की, पुढच्या साऱ्या धैर्यधरांकडून त्यांनी नेहमी नम्रतेचीच अपेक्षा केली. भामिनीला जाब विचारणारा, तिच्या तोडीचा शिपाई नाटककाराने लिहिला आहे. लोक चार पिढ्या जी रात्र विसरले नाहीत ती भामिनीला बरोबरीचा धैर्यधर भेटल्याची. त्या रात्री कोण हरले हा प्रश्नच मग गौण ठरतो.

विष्णुदास भावे गौरवपदकाचे पहिले मानकरी बालगंधर्व. तेव्हा सांगलीने आपले माप पदरात घातले. कोल्हापूरने आपल्या नाट्यगृहाला केशवरावांचे नाव दिले. शाहू महाराजांच्या काळी १९१५ साली उभे राहिलेले ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. २०२५ च्या जानेवारीत ‘मानापमान’ नव्याने पडद्यावर आले, सुबोध भावे धैर्यधर झाले, आणि माझ्या नातवंडांत लगेच दोन तट पडले. त्यांनी तर ना केशवराव पाहिले, ना गंधर्व.

१५ जुलै १९६७ रोजी बालगंधर्व गेले. त्या भाऊबीजेला अण्णा आले तेव्हा आम्हां मुलांना वाटले, यंदा वाद नाही. ओवाळणी झाली, तबक आले, आजोबा गप्पच होते. अण्णांनी त्यांच्या हातातला अडकित्ता घेतला, सुपारी कातरली आणि म्हणाले, ‘दाजी, काहीही म्हणा, तुमच्या भामिनीला त्या रात्री घाम फुटला होता.’

आजोबा ताठ बसले. त्या दिवशी आजीला चार हाका माराव्या लागल्या.