लताबाईंचे संग्रहालय आणि थाळनेर

६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर गेल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यावर हक्क सांगायला गावे पुढे आली. मध्य प्रदेशचे तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी ७ फेब्रुवारीलाच इंदूरमध्ये संगीत अकादमी, संग्रहालय आणि पुतळा उभारण्याची घोषणा केली. मुंबईत शिवाजी पार्कवर स्मारक व्हावे की नाही, यावर पक्षांची जुंपली. अखेर हृदयनाथ मंगेशकरांना हा वाद थांबवा म्हणून सांगावे लागले. कालिना येथे संगीत महाविद्यालय ठरले, त्याचे वर्ग २८ सप्टेंबर २०२२ रोजी प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे अकादमीत तात्पुरते सुरू झाले. त्याच दिवशी अयोध्येत लता मंगेशकर चौकाचे उद्घाटन झाले. तिथली चाळीस फुटी वीणा धुळ्याजवळच्या गोंदूर गावी जन्मलेल्या राम सुतारांची. या साऱ्या धामधुमीत खानदेशचा हात लागला तो एवढाच, कारागीर म्हणून.

आता हे दावे एकेक करून तपासू. इंदूरचा दावा जन्माचा. २८ सप्टेंबर १९२९ रोजी शीख मोहल्ल्यातल्या ज्या घरी जन्म झाला, त्या जागी आज कापडाचे दुकान आहे. तरी इंदूरला मी हलके लेखत नाही. लताबाईंच्या नावाचा पुरस्कार मध्य प्रदेश सरकार १९८४ पासून देत आले आहे, आणि शहराबाहेर पिगडंबर येथे एका संग्राहकाने स्वतःच्या हिमतीवर ध्वनिमुद्रिकांचे संग्रहालय उभे केले, तेही सरकारी घोषणेच्या कितीतरी आधी. गोव्याचा दावा आडनावाचा: मंगेशी हे दीनानाथांचे गाव, आणि पणजीच्या कला अकादमीतले नाट्यगृह त्यांच्याच नावाचे. सांगलीत कुटुंबाचे बिऱ्हाड होते. पुण्यात २४ एप्रिल १९४२ रोजी दीनानाथ वारले. कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या कंपनीत लताबाईंनी पोटासाठी चेहऱ्याला रंग लावला, आणि १९४५ मध्ये कंपनीबरोबर त्या मुंबईला आल्या. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

या यादीत एक गोष्ट ठळक दिसते. प्रत्येक गाव वडिलांच्या वाटेवरचे आहे, नाही तर नोकरीच्या वाटेवरचे. आईच्या वाटेवरचे गाव कोणी मोजलेच नाही.

ते गाव आमच्या धुळे जिल्ह्यातले. शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठी, थाळनेर. तिथले गुजराती व्यापारी शेठ हरिदास लाड यांच्या थोरल्या मुलीशी, नर्मदेशी, दीनानाथांचा विवाह झाला. ती गेल्यावर १९२७ मध्ये धाकटी शेवंती मंगेशकरांच्या घरात आली. हीच माई मंगेशकर. लताबाईंच्या आजोळचा वारसा नुसता रक्ताचा नाही, गळ्याचाही आहे: पावागडचे गरबे आणि गुजराती लोकगीते त्या आजीकडून शिकल्या. घरात वडिलांचे नाट्यसंगीत आणि शागिर्दांची तालीम, तर आजीच्या तोंडी कुठल्याही घराण्यात न बसणारी बायकांची गाणी. पहिल्या गोष्टीवर पुष्कळ लिहिले गेले आहे, दुसरीवर चार ओळींपलीकडे कोणी गेलेले नाही.

पावागडचा गरबा खानदेशात आला कसा, हे नकाशा पाहिला की कळते. तापी बुऱ्हाणपूरवरून येते, थाळनेरवरून सुरतेला समुद्राला मिळते. माल त्या बाजूने आला, माणसे आली, भाषा आली. एके काळी थाळनेर राजधानीही होते. फिरोजशहा तुघलकाकडून १३७० च्या सुमारास मलिक राजा फारुकीला हा मुलूख मिळाला, आणि फारुकींच्या कबरी आजही तिथे उभ्या आहेत. पुढे त्याच्या मुलाने बुऱ्हाणपूर वसवले आणि वैभव तिकडे गेले. १८१८ च्या फेब्रुवारीत हिस्लॉपच्या इंग्रज फौजेने किल्ला घेतला, आतली शिबंदी कापून काढली आणि किल्लेदार तुळशीराम मामाला फासावर दिले. हक्क निसटण्याची या गावाला जुनी सवय आहे.

मग संग्रहालय थाळनेरला हवे, असे माझे म्हणणे आहे का? नाही. तबकड्या दहा गावांत ठेवता येतात, इंदूरची प्रत मुंबईत ऐकली तरी तेच गाणे ऐकू येते. तिथे जागेचा वाद हा मुळात फलकाचा वाद आहे. पण आजीने म्हटलेल्या गरब्याची तबकडी निघाली नव्हती. ते गाणे ज्या काठावर म्हटले जाई, त्याच काठावर ते शोधावे लागेल. आसोद्याच्या बहिणाबाईंचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. त्यांना लिहिता येत नव्हते. पितांबर चौधरींनी टिपून ठेवल्या म्हणून ओव्या उरल्या, आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, पुस्तक झाले. टिपणारा नसता तर जळगावच्या विद्यापीठाला आज द्यायला ते नाव नसते.

धुळ्याने असा हक्क एकदा कमावलेला आहे, म्हणून हे लिहितो. इतिहासाचार्य राजवाडे वरसईचे. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले, त्यात ते अग्रभागी. पुढे त्यांचे मंडळाशी बिनसले, आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते वारले ते धुळ्यात. कर्मभूमी, विद्वत्ता या दोन्ही कसोट्यांवर पुण्याचा दावा भारी होता. पण भा. वा. भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२७ मध्येच राजवाडे संशोधन मंडळ स्थापले, दप्तरे सांभाळली, पुढे ‘संशोधक’ त्रैमासिक चालवले. आज राजवाड्यांचे कागद पाहायचे तर अभ्यासकाला धुळ्याची गाडी धरावी लागते.

थाळनेरच्या बाबतीत असे काम अजून कोणी हाती घेतलेले नाही. पुतळा नको, चौकही नको. थाळनेर, शिरपूर, चोपडा या पट्ट्यातल्या ज्या बायकांना गुजराती गरबे आणि अहिराणी गाणी तोंडपाठ आहेत, त्यांच्यातल्या बऱ्याच सत्तरी ओलांडलेल्या. गाणाऱ्या बाईचे नाव, तिचे माहेर आणि गाणे कोणाकडून घेतले, एवढ्या तीन नोंदींसह ही गाणी मुद्रित करून ठेवायला मंडळातली एक खोली पुरे आहे.