मुंग्या, भास आणि भ्रम

मांडी घालून बराच वेळ बसलं की पायाला मुंग्या येतात. हे आपण इतक्या सहज म्हणतो की त्यातली उपमा आता जाणवतही नाही. हीच उपमा युरोपातही रुजली. लॅटिनमध्ये मुंगीला 'फॉर्मिका' म्हणतात. त्यावरून त्वचेवर काही सरपटल्याच्या संवेदनेला वैद्यकात 'फॉर्मिकेशन' हे नाव पडलं. सुश्रुतसंहितेत पिकत चाललेल्या सुजेची लक्षणं देताना मुंग्या चावल्यासारखं, अंगावर फिरल्यासारखं वाटतं, असं सांगितलं आहे. तिथे 'इव' हा शब्द येतो. 'इव' म्हणजे जणू, सारखं. मुंग्या खऱ्या नाहीत, हे रोग्यालाही ठाऊक असतं आणि वैद्यालाही.

एका आजारात मात्र हा 'इव' गळून पडतो. कातडीखाली किडे आहेतच, अशी माणसाची पक्की खात्री होते. तो कपडे उकळतो, घरभर औषध फवारतो, नखांनी आणि चिमट्याने कातडी उकरून किडे काढू पाहतो आणि अंगावर जखमा करून घेतो. निघालेल्या खपल्या, धागे, कण पुरावा म्हणून डब्यात जपून डॉक्टरांकडे नेतो. पूर्वी हा पुरावा बहुधा काडेपेटीतून यायचा, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांत 'काडेपेटीचं लक्षण' असा शब्दप्रयोगच रूढ झाला.

या आजाराची नावं बदलत गेली. फ्रेंच डॉक्टर जॉर्ज तिबिएर्ज यांनी 1894 मध्ये 'अकॅरोफोबिया' हा शब्द वापरला. 'अकॅरस' म्हणजे खरजेच्या किड्यासारखा सूक्ष्म जीव, 'फोबिया' म्हणजे भीती. पण या रोग्यांना किडे होतील अशी भीती नसते. झाले आहेत अशी खात्री असते. स्वीडिश मज्जासंस्थातज्ज्ञ कार्ल आक्सेल एकबोम यांनी 1938 मध्ये जर्मनमध्ये 'डर्माटोझोएनवान' असं नाव दिलं. त्वचा, प्राणी आणि भ्रम असे तीन शब्द त्यात जोडले आहेत. भीतीची जागा भ्रमाने घेतली आणि नाव आजाराच्या गाभ्यापाशी पोचलं.

आपल्याकडे 'भास' आणि 'भ्रम' हे शब्द बोलताना एकमेकांच्या जागी येतात. त्यांची मुळं वेगळी आहेत. 'भास्' या धातूचा अर्थ प्रकाशणे, दिसणे; म्हणजे भास इंद्रियांना होतो. 'भ्रम्' म्हणजे फिरणे. भ्रमण, भोवरा, भोवळ ही सगळी त्याचीच प्रजा. भ्रमात मन एकाच खात्रीभोवती फिरत राहतं आणि समोर ठेवलेला कुठलाही पुरावा त्याला त्या फेऱ्यातून बाहेर काढू शकत नाही. अंगावर काही सरपटणं हा भास. ते किडेच आहेत, ही अढळ समजूत म्हणजे भ्रम. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, पण तपासणाऱ्याला ते वेगळे ओळखावे लागतात.

त्याआधी कातडी नीट पाहावी लागते, कारण किडे खरेही असतात. 'खरूज' हा शब्द संस्कृत 'खर्जू'वरून आला. तो आजार कातडीत बिळं करणाऱ्या किड्यामुळे होतो, हे जोवान्नी कोझिमो बोनोमो यांनी 1687 मध्ये इटलीत मांडलं. शिवाय ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, मधुमेह, मूत्रपिंडाचे आजार, कोकेनसारखी व्यसनं यांमुळेही खाज किंवा सरपटल्याची संवेदना होऊ शकते. हे सगळं तपासल्याशिवाय 'मनाचा आजार' म्हणून मोकळं होणं अन्याय आहे.

घरात मात्र पहिलं वाक्य येतं ते 'काही नाही, तुझ्या मनाचे खेळ आहेत'. खेळ या शब्दात मजा आहे, मर्जी आहे; या माणसाकडे दोन्ही नसतं. त्याला झोप नसते आणि खाज खरोखर सोसावी लागते. किडे आहेत असं खोटं कबूल करू नये आणि नाहीत म्हणून वादही घालू नये. 'तुला फार त्रास होतोय, तो कमी करू' एवढं म्हणावं. भ्रमावरची औषधं उपलब्ध आहेत आणि त्यांनी अनेकांना आराम पडतो. ती घ्यायला माणूस तयार होतो तो विश्वासामुळे, आणि तो विश्वास घरच्यांच्या बोलण्यातूनच मिळतो किंवा तुटतो.