लिंक्डइनवर आपली ओळख कशी उभी करावी? घरातल्या पहिल्या पदवीधरांसाठी मार्गदर्शन

खासगी क्षेत्रातल्या चांगल्या नोकऱ्यांची माहिती अनेकदा जाहिरात निघण्याआधीच फिरू लागते. कुणाचे काका कंपनीत अधिकारी असतात, कुणाच्या वडिलांचा मित्र सल्लागार असतो, आणि त्यांच्या तोंडून 'आमच्याकडे एक जागा निघते आहे' हे घरातल्या मुलांच्या कानावर पडते. आपल्या वस्त्यांमधले बहुसंख्य तरुण मात्र घरातले पहिले पदवीधर आहेत. त्यांच्याकडे पदवी असते, मेहनत असते, पण असे काका नसतात. जाहिरात व्हॉट्सॲप ग्रुपवर येईपर्यंत मुदत संपत आलेली असते. ही उणीव लिंक्डइनसारख्या व्यावसायिक संकेतस्थळांवर काही अंशी कशी भरून काढता येते, ते आम्ही येथे मांडत आहोत.

पर्सनल ब्रँड म्हणजे नेमके काय?

हा शब्द रूढ झाला तो अमेरिकन लेखक टॉम पीटर्स यांच्या 1997 मधील 'फास्ट कंपनी' मासिकातल्या लेखामुळे. लिंक्डइन 2003 मध्ये सुरू झाले आणि 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेण्याचा करार केला. आज अनेक कंपन्यांचे भरती अधिकारी उमेदवार शोधण्यासाठी रोज त्याचा वापर करतात.

'ब्रँड' म्हटले की आपल्यापैकी अनेकांना स्वतःची जाहिरात आठवते आणि संकोच वाटतो. आम्ही त्याचा अर्थ साधा घेतो. तुम्हाला काय येते, तुम्ही आजवर काय केले आणि ते खरे कशावरून, हे अनोळखी माणसाला पाच मिनिटांत कळले पाहिजे. यात फुगवून सांगणे बसत नाही. सम्यक वाचा आणि सम्यक आजीविका मानणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

दूरच्या ओळखी का महत्त्वाच्या?

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये मांडले की नवी माहिती जवळच्या मित्रांपेक्षा दूरच्या ओळखीतून जास्त मिळते. जवळच्या मित्रांना जे माहीत असते, ते आपल्यालाही माहीतच असते. 2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे 2 कोटी वापरकर्त्यांवर पाच वर्षे झालेल्या प्रयोगांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नोकरी बदलण्यासाठी अगदी घट्ट नात्यांपेक्षा मध्यम दूरच्या ओळखी अधिक उपयोगी पडतात, असे त्यात दिसले.

आपल्यासाठी याचा अर्थ स्पष्ट आहे. एकाच वस्तीतले, एकाच संघटनेतले दोनशे मित्र जोडून नोकरीची वाट उघडणार नाही. तुमच्या महाविद्यालयातून पाच-दहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेले, तुमच्या विषयात पुण्यात, मुंबईत किंवा बंगळुरूत काम करणारे लोक जोडायला हवेत.

आडनावाचा प्रश्न

प्रोफाइल चांगले केले की भेदभाव संपतो, असे आम्ही म्हणणार नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा 2007 मधला अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यांनी वर्तमानपत्रांतील 548 जाहिरातींना 4,808 अर्ज पाठवले. पात्रता सारखीच, फरक फक्त नावांचा. दलित आडनावाच्या अर्जाला सकारात्मक प्रतिसाद मिळण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली. मुस्लिम नावांची स्थिती त्याहून वाईट होती. 2012 मध्ये देशातील 1,000 मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास झाला, त्यात सुमारे 93 टक्के संचालक सवर्ण जातींतले आढळले.

म्हणूनच नुसते अर्ज पाठवत राहणे पुरेसे नाही. अर्जांच्या ढिगाऱ्यात नाव वाचूनच बाजूला पडण्याची शक्यता असते. कंपनीतल्या कुणीतरी 'याचे काम मी पाहिले आहे' असे सांगितले, तर निदान काम तरी पाहिले जाते. प्रोफाइलची आणि ओळखींची गरज आहे ती यासाठी.

प्रोफाइल कसे लिहावे?

1. फोटो : स्वतःचा, चेहरा स्पष्ट दिसणारा, साध्या पार्श्वभूमीचा. बाबासाहेबांचा किंवा बुद्धांचा फोटो प्रोफाइलला लावू नका. आदर कमी होत नाही. तिथे समोरच्याला तुमचा चेहरा हवा असतो आणि लिंक्डइनचा नियमही तोच आहे.

2. हेडलाइन : नावाखालच्या या ओळीला 220 अक्षरांची मर्यादा आहे. 'नोकरीच्या शोधात' किंवा 'फ्रेशर' लिहून ती वाया घालवू नका. समजा नांदेडच्या एका तरुणीने एम.एस.डब्ल्यू. केले आहे. तिने 'एम.एस.डब्ल्यू. | किशोरवयीन मुलींचे आरोग्य | सर्वेक्षण, गटचर्चा, अहवाल लेखन | मराठी, हिंदी, इंग्रजी' असे लिहावे. भरती अधिकारी असेच शब्द टाकून शोधतात.

3. अबाउट : येथे 2,600 अक्षरे मिळतात, पण पहिल्या दोन-तीन ओळीच आधी दिसतात. त्यात काम सांगा, जीवनकहाणी नंतर.

4. अनुभव : आपल्या कार्यकर्त्यांचे सर्वाधिक नुकसान येथे होते. 'नोकरी केली नाही, म्हणजे अनुभव नाही' असे समजून हा भाग रिकामा ठेवला जातो. 'जयंती समिती सदस्य' एवढे लिहिले तर बाहेरच्याला काही कळत नाही. 'तीन वर्षे समितीचा हिशेब सांभाळला, वर्गणीच्या पावत्या, खर्चाची नोंद आणि वार्षिक ताळेबंद तयार करून सर्वांसमोर वाचला' असे लिहिले तर तो लेखा विभागासाठी अनुभव आहे. अभ्यासिका चालवणे म्हणजे व्यवस्थापन. शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणे म्हणजे शासकीय प्रक्रियेचे ज्ञान. 6 डिसेंबरला पुस्तकांचा स्टॉल लावणे म्हणजे साठा, विक्री आणि रोख हिशेब. किती लोक, किती दिवस, किती रक्कम हे आकडे खरे लिहा. मुलाखतीत त्यावर प्रश्न येणारच.

5. पुरावा : 'फीचर्ड' भागात अहवाल, सादरीकरण, छापून आलेला लेख किंवा प्रकल्पाची लिंक जोडा. शिक्षक, प्रकल्प प्रमुख यांच्याकडून दोन-तीन शिफारशी लिहून घ्या. कोणत्या कामाबद्दल लिहावे हे त्यांना नेमके सांगा.

6. भाषा : मुख्य प्रोफाइल साध्या, बिनचूक इंग्रजीत ठेवा. दुसऱ्या भाषेतले प्रोफाइल जोडण्याची सोय आहे. मराठीत उत्तम लिहिता-बोलता येणे हे माध्यमे, शिक्षण, आरोग्य आणि ग्रामीण प्रकल्पांसाठी कौशल्यच आहे. ते नमूद करा.

चळवळीतले काम लिहावे का?

हा प्रश्न तरुण आम्हाला वारंवार विचारतात. याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडत नाही. आरोग्य, शिक्षण, संशोधन, सामाजिक संस्था, कंपन्यांचे सीएसआर विभाग येथे वस्तीतल्या कामाला थेट किंमत आहे. काही ठिकाणी संघटनेचे नाव पाहूनच पूर्वग्रह जागा होतो. संघटनेचे नाव लिहायचे की फक्त कामाचे स्वरूप, हे ज्याने त्याने आपली आर्थिक स्थिती पाहून ठरवावे. घराचा सगळा भार ज्याच्या एकट्याच्या पगारावर आहे, त्याला 'ओळख लपवतो' म्हणून हिणवण्याचा अधिकार कुणालाही नाही. आमचा आग्रह एवढाच की काम गाळू नका आणि खोटे लिहू नका.

आठवड्याला दोन तास पुरेत

महाविद्यालयाच्या लिंक्डइन पानावर माजी विद्यार्थ्यांची यादी असते. कोण कुठल्या शहरात, कुठल्या क्षेत्रात आहे ते त्यात दिसते. त्यातून दर आठवड्याला पाच जणांना विनंती पाठवा, शक्य असेल तेव्हा सोबत छोटा संदेश लिहा :

'नमस्कार मॅडम, मी आपल्याच महाविद्यालयाची विद्यार्थिनी, यंदा बी.कॉम. पूर्ण केले. आपण ऑडिट क्षेत्रात आहात. या क्षेत्रात सुरुवातीला काय शिकावे, हे विचारायला दहा मिनिटे वेळ मिळेल का?'

पहिल्याच संदेशात नोकरी मागू नका. बायोडाटाही पाठवू नका. माणूस आपल्या चळवळीतला आहे हे माहीत असेल तर 'जय भीम' जरूर लिहा. महिन्यातून एक-दोनदा आपल्या विषयावर काहीतरी लिहा : वाचलेला अहवाल, शिकलेले सॉफ्टवेअर, प्रकल्पातली अडचण आणि तिच्यावर काढलेला मार्ग. शुभेच्छांच्या फॉरवर्डसाठी व्हॉट्सॲप आहेच.

येथे सावध राहा

- नोंदणी, प्रशिक्षण किंवा लॅपटॉपच्या नावाने आधी पैसे मागणारी नोकरी ही फसवणूक समजा. पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवा.
- सध्या नोकरीत असाल तर 'ओपन टू वर्क' फक्त भरती अधिकाऱ्यांनाच दिसेल असे ठेवा. तरीही ते पूर्ण गुप्त राहील याची खात्री लिंक्डइन देत नाही.
- राज्य शासनाच्या सेवेत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 वाचूनच सरकारी धोरणांवर लिहा.
- जन्मतारीख, घरचा पत्ता, आधार किंवा जात प्रमाणपत्राचा फोटो कधीही टाकू नका.

जे आधी पोहोचले त्यांच्यासाठी

आयटी, बँका, औषध कंपन्या, विद्यापीठे अशा अनेक ठिकाणी आज आपले लोक चांगल्या पदांवर आहेत. 'पे बॅक टू सोसायटी' म्हणून त्यातले अनेकजण देणगी देतात, आणि ती हवीच. त्याबरोबर अनोळखी विद्यार्थ्याची विनंती स्वीकारा, त्याचा बायोडाटा तपासून द्या, ज्याचे काम पाहिले आहे त्याला दोन ओळींची शिफारस लिहून द्या, कंपनीत जागा निघाली की पात्र मुलाचे नाव सुचवा. या लेखाच्या सुरुवातीला जे काका सांगितले, ते आपल्या मुलांना तुमच्या रूपाने मिळू शकतात.