गांवची बातमी गांवांत

शहराचा कारभार कसा चालतो हें जाणण्याचीं साधनें दोन : कचेरींतलें दप्तर आणि गांवचें वर्तमानपत्र. दप्तर अधिकाऱ्यांच्या स्वाधीन असतें. वर्तमानपत्र लोकांच्या हातीं पडतें. म्हणूनच त्याची वाट अडविण्याचे यत्न होत आले. नांदेड व लातूर यांचा अनुभव या दृष्टीनें बोधप्रद आहे.

१९४८ पर्यंत हीं दोन्ही शहरें निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतीं. राज्यकारभाराची भाषा उर्दू, मराठवाड्यांतील बहुसंख्य रयतेची मराठी. सभा भरविण्यासहि पूर्वपरवानगी लागे. अशा स्थितींत १९३८ सालीं आ. कृ. वाघमारे यांनीं ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढलें. संस्थानांत त्यावर बंदी आली, तेव्हां तें पुण्यास छापून वेगवेगळ्या नांवांनीं निघत राहिलें. घरची बातमी परगांवीं छापून घरीं आणावी लागे! उर्दू पत्रकारहि सुरक्षित नव्हते. विलीनीकरणाचा पक्ष घेणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्लाखान यांचा ऑगस्ट १९४८ मध्यें हैदराबादेंत खून झाला. पुढच्याच महिन्याच्या १७ तारखेस संस्थान शरण आलें.

बंदी गेली. ‘मराठवाडा’ पत्र पुढें अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखालीं त्या वेळच्या औरंगाबादेहून निघूं लागलें. नांदेडास सुधाकरराव डोईफोडे यांचें ‘प्रजावाणी’ उभें राहिलें. लातूर १९८२ सालीं स्वतंत्र जिल्हा झाला. तेथूनहि ‘एकमत’सारखीं दैनिकें निघूं लागलीं. नळपट्टी, गटारें, रस्त्यांचे ठेके यांची चर्चा आतां गांवांतच छापली जाऊं लागली.

मात्र बंदीच्या जागीं दुसरें संकट आलें. २००९ च्या विधानसभा निवडणुकींत बातमीच्या रूपानें जाहिराती छापल्याचा आक्षेप नांदेड जिल्ह्यांतील भोकर मतदारसंघाच्या निमित्तानें निवडणूक आयोगापुढें गेला. उमेदवाराच्या खर्चाचा हिशेब खरा कीं खोटा हें तपासण्याचा अधिकार आयोगास आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें ५ मे २०१४ रोजीं ठरविलें. आयोगाचा उमेदवाराविरुद्धचा निर्णय मात्र त्याच वर्षीं दिल्ली उच्च न्यायालयानें रद्द केला. निकाल कांहींहि लागो, वाचकाच्या मनांत शंका उरलीच : ही बातमी आहे, कीं विकलेली जागा?

ही शंका वाढूं देणें गांवास परवडणारें नाहीं. २०१६ सालीं लातूरला पाणी पुरविणारें मांजरा धरण आटलें. १२ एप्रिल रोजीं मिरजेहून दहा वाघिणींत पांच लाख लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी लातुरास आली आणि ती देशभर गाजली. परंतु गाडी ही एका दिवसाची बातमी. तें पाणी कोणत्या मोहल्ल्यांत केव्हां पोंचतें, टँकर कोठें अडतो, खर्च कोणत्या सदरीं पडतो, हें रोज सांगावयास त्याच रांगेंत घागर घेऊन उभा राहणारा बातमीदार लागतो.

अशा बातमीदाराच्या पत्राचा संसार बहुधा जाहिरातींवर चालतो, आणि कारभार पाहणारी कचेरीहि जाहिरात देते. बंदीचा हुकूम उघड असतो. नांव बदलून तो चुकवितां येतो. जाहिरातीचा दाब मुका असतो. त्यास उत्तर एकच : दाम मोजून पत्र घेणारा आणि सभेचा वृत्तांत मागणारा वाचक.