खांदेरीची लढाई आणि वाऱ्याचं घड्याळ

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात शाळेतल्या भूगोलापासून करू. खारे वारे आणि मतलई वारे आठवतायत? कुठला कुठून वाहतो, यात आपली हमखास गल्लत व्हायची.

ती आधी मिटवून टाकू. ऊन चढलं की जमीन पटकन तापते, समुद्र हळूहळू. जमिनीवरची हवा तापून वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते. हा खारा वारा. दुपारी जोर धरतो, सूर्य मावळल्यावर पडतो. रात्री उलटं होतं. जमीन लवकर निवते, समुद्र ऊब धरून राहतो, मग वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे निघतो. हा मतलई. खाऱ्यापेक्षा मंद, पण सकाळपर्यंत टिकणारा. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा या दोघांना दाबून टाकतो. पाऊस सरला की हे घड्याळ पुन्हा सुरू.

शिडाच्या होड्यांच्या काळात कोकणातले मच्छीमार याच घड्याळावर चालायचे. पहाटे मतलईवर बाहेर, दुपारनंतर खाऱ्यावर घरी.

आता १६७९ सालात चला. पावसाळा संपता संपता शिवाजी महाराजांच्या माणसांनी, मायनाक भंडारींच्या हाताखाली, खांदेरी बेटावर तटबंदी बांधायला घेतली. हे बेट थळच्या किनाऱ्यासमोर, मुंबई बंदराच्या वाटेवरच. म्हणजे मुंबईच्या इंग्रजांच्या नाकासमोर किल्ला! त्यांनी जहाजं पाठवून बेटाची नाकेबंदी केली. बेटावरच्या माणसांना दाणागोटा मिळाला नाही, तर किल्ला संपलाच.

पण नाकेबंदी काही जमेना. मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्री बेटावर पोचायच्या. नकाशा बघा: थळ पूर्वेला, खांदेरी पश्चिमेला. रात्रीचा मतलई वाहतो तोही पूर्वेकडून पश्चिमेकडे. सामान भरलेल्या होडीला वारा पाठीशी, वर अंधार आणि हातात वल्ही. मोठ्या जहाजाला मात्र मंद वाऱ्यात चटकन वळताही येत नाही.

मग उजाडली १८ ऑक्टोबरची पहाट. दौलतखानाचं आरमार नागावकडून किनाऱ्याच्या कडेकडेने वल्ही मारत आलं. इंग्रजांना नांगर उचलायलाही जेमतेम वेळ मिळाला. अर्ध्या तासात त्यांचं 'डोव्हर' हे गुराब मराठ्यांच्या हाती पडलं. दिवसाच्या त्या वेळी वारा किनाऱ्याकडूनच येतो आणि खारा वारा सुटायला बरेच तास असतात. म्हणजे किनाऱ्याच्या बाजूने येणाऱ्याला वारा अनुकूल, नांगरून बसलेल्याला प्रतिकूल.

सगळं काही मराठ्यांच्या मनासारखं झालं, असं मात्र नाही. इंग्रजांचं 'रिव्हेंज' तोफा डागत उभं राहिलं, मराठ्यांच्या काही होड्या बुडाल्या आणि बाकीचं आरमार नागोठण्याच्या खाडीकडे वळलं. पण तिथलं पाणी उथळ, मोठं जहाज मागे येणार कसं? शेवटी जानेवारी १६८० मध्ये तह झाला. खांदेरी मराठ्यांकडेच राहिलं.

तोफा इंग्रजांकडे जास्त होत्या, जहाजंही मोठी होती. पण वारा कधी वाहतो आणि पाणी कुठे उथळ आहे, हे इथल्या कोळी-भंडाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. तेच कामी आलं.

पुढच्या वेळी अलिबागला गेलात, तर एकदा उजाडताना किनाऱ्यावर उभे राहा आणि एकदा दुपारी. वारा कुठून लागतो ते बघा. भेटूच पुढच्या भागात!