बायबलच्या अभ्यासकाचे प्रश्न आणि मस्कतचे बनिये

जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठात योहान डेव्हिड मिखाएलिस हा जुन्या कराराचा मोठा अभ्यासक होता. अरबस्तानातलं रोजचं जगणं हजारो वर्षांत फारसं बदललेलं नाही, त्यामुळे तिथल्या चालीरीती पाहिल्या की प्राचीन हिब्रू लोकांचं जीवन उलगडेल, असं त्याचं म्हणणं होतं. लोक टोळ खातात का, महारोगाची लक्षणं काय, अशा शंभर प्रश्नांचं पुस्तकच त्यानं १७६२ मध्ये छापलं. त्याच्याच सूचनेवरून डेन्मार्कच्या राजानं काढलेली अरबस्तानची मोहीम त्याआधी, जानेवारी १७६१ मध्ये, कोपनहेगनहून निघाली होती. सहा जण निघाले, परतला एकटा कार्स्टन नीबूर. दोघे येमेनमध्ये गेले, दोघे मुंबईच्या वाटेवर समुद्रात, आणि डॉक्टर क्रामर १७६४ मध्ये खुद्द मुंबईत. नीबूर धर्मपंडित नव्हता. तो मोजणी करणारा, नकाशे काढणारा माणूस. मुंबईच्या मुक्कामात त्यानं घारापुरीची लेणी बारकाईनं पाहिली, तिथल्या मूर्तींची चित्रं काढली आणि १७६४ च्या अखेरीस मस्कतची वाट धरली.

मस्कतला त्याला जे दिसलं ते मिखाएलिसच्या प्रश्नांत बसणारं नव्हतं. ओमानवर तेव्हा इमाम अहमद बिन सईदचं राज्य होतं. राज्यकर्ते इबादी पंथाचे. हे लोक तंबाखू ओढत नाहीत, कॉफी घेत नाहीत, पोशाखात बडेजाव ठेवत नाहीत, असं नीबूर लिहितो. किनाऱ्यावर मासळी इतकी की ती गाईगाढवांना खाऊ घालत आणि शेतात खत म्हणूनही टाकत. अशा मासळीच्या गावात हजाराच्या वर हिंदू बनिये नांदत होते. नीबूरनं त्यांचा आकडा १२०० दिला आहे. एवढे हिंदू दुसऱ्या कुठल्याच मुसलमानी शहरात नाहीत, असं तो सांगतो. त्यांना आपल्या धर्माच्या नियमांनुसार राहता येई, बायकामुलं आणता येत, घरात देव मांडता येत आणि प्रेतं जाळता येत. दहन इस्लामला मुळीच मान्य नाही, म्हणून ही शेवटची परवानगी मला सगळ्यात बोलकी वाटते. शेजाऱ्याच्या धर्मातली जी गोष्ट आपल्याला सर्वांत खटकते तिलाही जागा द्यायची, हा त्या शहराचा रिवाज होता.

हे सारं नीबूरच्या १७७२ च्या ग्रंथातून युरोपच्या वाचकांपर्यंत पोचलं. त्यानंतर दहाच वर्षांनी मिखाएलिसनं जे लिहिलं ते त्या नोंदींशेजारी ठेवून वाचावं. ज्यूंना नागरी हक्क द्यावेत असं डोम या लेखकानं मांडलं, तेव्हा मिखाएलिसनं त्याला विरोध केला. ज्यू जोवर मोशेचं नियमशास्त्र पाळतात, आपल्या पंगतीला बसत नाहीत, शब्बाथ सोडत नाहीत, तोवर ते आपल्यात मिसळणार नाहीत, असा त्याचा युक्तिवाद होता. ज्यू तत्त्वज्ञ मोझेस मेंडेलसोननं लगेच उत्तर दिलं आणि त्यात दाखवून दिलं की मिखाएलिस ख्रिस्ती आणि ज्यू असं न म्हणता जर्मन आणि ज्यू असा भेद करतो. ज्या धर्मग्रंथाच्या अभ्यासासाठी माणसं समुद्रापार धाडली, त्या ग्रंथाचे वारस गावातच राहत होते. त्यांचं रोजचं जगणं मात्र या विद्वानाला अडचण वाटलं. मस्कतचे वैष्णव बनियेही मुसलमानांच्या पंगतीला बसत नव्हते. तरी शहर त्यांच्यासह चाललं होतं.

यावर आक्षेप निघतात आणि ते हलके नाहीत. बनिये नागरिक नव्हते, परके व्यापारी होते. त्यांना सांभाळण्यात राज्यकर्त्यांचा स्वार्थ होता. हे खरं आहे. पुढे मस्कतच्या जकातीचा मक्ताही त्यांच्याकडे राहिला. पण स्वार्थ सगळीकडेच होता, आणि त्यातून सगळीकडे सारखी वागणूक मिळाली नाही. येमेनच्या साना शहरात राहण्यापुरतीच परवानगी मिळावी म्हणून बनियांना दरमहा रक्कम भरावी लागे, हे नीबूरच सांगतो. नीबूर मस्कतला थोडेच दिवस होता, हा दुसरा आक्षेप; पण ती व्यवस्था त्याच्या मुक्कामापुरती नव्हती. कच्छी भाटियांचं मोतीश्वर मंदिर जुन्या मस्कतमध्ये राजवाड्याजवळ आजही उभं आहे. परकेपणाचा मुद्दाही कायम टिकला नाही. खिमजी रामदास घराण्याच्या कनकसी खिमजींना ओमानी नागरिकत्व मिळालं आणि सुलतानांनी ‘शेख’ हा किताबही दिला.

तिसरा आक्षेप मात्र मी मान्य करतो. ज्या बंदरात बनियांना चिता पेटवता येई, त्याच बंदरात माणसं विकली जात. १८९६ मध्ये गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या अठरा आफ्रिकी मुलांना अमेरिकी मिशनरी पीटर झ्वेमर यानं मस्कतमध्ये आसरा दिला आणि त्यांच्यासाठी शाळा काढली. दोनच वर्षांत तो वारला. धर्माला मिळालेली ती मोकळीक पैसा आणि जहाजं असलेल्यांपर्यंत पोचली, गुलामांपर्यंत नाही. त्यांच्यासाठी कायदा बदलायला १९७० साल उजाडावं लागलं, सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा.